टॅमरॉन ३५-१५० : बेळगावच्या लग्नांत वर्षभर वापरल्यावर

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांसाठी लिहितेय. टॅमरॉन कंपनीची ही ३५ ते १५० मिलिमीटरची झूम लेन्स (लहान आकड्यावर दृश्य रुंद, मोठ्यावर दूरचं जवळ) घेतल्यापासून माझे फोटो किती शार्प झाले, हे सांगायला मी बसलेले नाही. शार्प ती आहेच. मला खरा फरक पडला तो मांडवात मी कुठं उभी राहते, यात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या पट्ट्यात अक्षतांच्या वेळी स्टेजवर काय चालतं, ते इथल्या प्रत्येकानं बघितलंय. मुलीकडचा फोटोग्राफर वेगळा, मुलाकडचा वेगळा, दोघांचे व्हिडिओवाले वेगळे. त्यात कुणाचा गिंबल (कॅमेरा न हलता धरणारा दांडा), आणि आता रील काढणारा एक पोरगा. भटजी आणि मामापेक्षा कॅमेरेच जास्त. गावाहून आलेली माणसं खाली खुर्च्यांत मुहूर्ताची वाट बघत बसलेली असतात आणि ऐन ‘सावधान’ला त्यांना दिसतात आमच्या पाठी. ‘फोटोवाले, जरा बाजूला सरा की ओ!’ ही हाक मी वर्षानुवर्षं ऐकत आले आणि दर वेळी मनाला लागली, कारण ओरडणाऱ्याचं काहीच चुकत नव्हतं. पण सरायचं कुठं? २४-७० ची लेन्स लावून खाली उतरलं की चेहरे हाती लागत नाहीत. ७०-२०० लावली तर अंतरपाट सरल्यावर अख्खं स्टेज फ्रेममध्ये मावत नाही, आणि लेन्स बदलेपर्यंत अक्षता पडून वाजंत्री सुरू झालेली असते. दोन लेन्स लावलेल्या दोन बॉडी, म्हणजे दोन कॅमेरे, गळ्यात अडकवून हे जमतं, पण वरात निघेपर्यंत मान धरते.

३५-१५० लावून मी आता पहिल्या रांगेच्या कडेला उभी राहते, मधली वाट मोकळी सोडून. ३५ वर स्टेज येतं. रिंग फिरवून १५० वर गेलं की नवरीच्या पापण्यांपर्यंत पोचता येतं. मधे काही काढायचं नाही, लावायचं नाही.

गेल्या हंगामात येळ्ळूरच्या बाजूला एक लग्न होतं. नवरा फौजेत, रजा मोजकी, त्यामुळे हळदीपासून सगळी घाईच. शेवटचं मंगलाष्टक संपलं, माणसं उठून पुढं आली, हार घातले गेले. सगळे कॅमेरे नवरानवरीवर. मुलीचे वडील स्टेजच्या टोकाला उभे होते आणि त्यांची उजवी मूठ तशीच मिटलेली होती. अक्षता टाकायच्याच राहून गेल्या होत्या. बोटांच्या फटीतून हळदीनं पिवळे झालेले दोन-तीन दाणे बाहेर आलेले, आणि नजर लेकीकडं. मी खालून १५० वर, अपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं छिद्र) २.८ ला ठेवून तो फोटो काढला. मी स्टेजवर त्यांच्यासमोर असते तर त्यांनी मूठ सोडून दिली असती आणि माझ्याकडं बघून हसले असते. तो फोटो आज त्यांच्या सोप्यात फ्रेम करून लावलाय.

आता लेन्सविषयी. ३५ ला अपर्चर २ पर्यंत उघडतं (आकडा लहान तितका प्रकाश जास्त), पण झूम करत जाल तसं कमी होतं आणि साधारण ८० पासून पुढं २.८ राहतं. मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हातानं ठरवून, काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर झूम केल्यावर एक्स्पोजर खाली येतं, म्हणजे फोटो काळपट होतो. रात्रीच्या हळदीला मात्र हे २ फार उपयोगी आहे. मांडवातले साधे पिवळे बल्ब असले तरी मी डोळ्यांवर मारणारा व्हिडिओ लाइट बंद करायला सांगू शकते. म्हाताऱ्या बायका मग मोकळेपणानं गाणी म्हणतात. लाइट चालू असला की पदर सावरत गप्प बसतात.

फोकस वेगवान आहे आणि मोटरचा आवाज नाही. सोनीच्या ए-सेव्हन फोर कॅमेऱ्यावर डोळा नीट पकडते. अडचण येते ती अक्षतांच्या वेळी. समोरून दाणे उडतात तेव्हा फोकस त्यांच्यामागं धावू शकतो. त्यासाठी बॉडीत ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी ‘लॉक्ड ऑन’च्या बाजूला ठेवायची, म्हणजे फोकस धरलेल्या माणसावरच राहतो, आणि शटर १/५०० सेकंदाहून संथ करायचं नाही, म्हणजे हवेतले दाणेही बऱ्यापैकी थांबलेले दिसतात. लेन्समध्ये स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही. बॉडीतलं आपला हात सावरतं, हलणाऱ्या माणसाला नाही. म्हणून १५० वर मी निवांत क्षणालाही शटर १/२०० च्या खाली नेत नाही.

वजन ही खरी परीक्षा आहे. लेन्स १,१६५ ग्रॅम, बॉडी धरून पावणेदोन किलोच्या वर. पट्टा गळ्यात न घालता खांद्यावरून तिरका घ्या आणि डावा तळहात लेन्सखाली ठेवा. ज्या बायका या कामात नव्यानं येताहेत त्यांना मुद्दाम सांगते: एका हातानं ही पेलायला जाऊ नका, मनगट महिनोन् महिने दुखतं. फिल्टर ८२ मिलिमीटरचा लागतो, जुने ७७ चे चालत नाहीत. झूम करताना नळी पुढं येते, तेव्हा गर्दीत कुणाचा धक्का बसणार नाही हे बघावं.

खानापूर तालुक्यातल्या कौलारू घरांत ही पुरत नाही. देवघरासमोर देवक बसवताना आठ-दहा माणसं आणि आपण, पाठीमागं लगेच भिंत. तिथं ३५ म्हणजे निम्मं घर बाहेर. माझ्या पिशवीत २० ची एक छोटी लेन्स कायम असते. आणि पावसाळ्यात काम थंडावलं की लेन्स पिशवीत बंद करून ठेवू नका. आपल्याकडच्या ओलीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. ड्राय कॅबिनेट नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आणि ती जेल तापवून सुकवत राहायची.

एक गोष्ट लेन्सच्या बाहेरची. खाली उभं राहिलं की काही घरांना वाटतं, ही काम करत नाही. ‘पैसे घेतलेत आणि स्टेजवर चढंना,’ असं एका मामांनी माझ्यादेखत म्हटलं. आता बुकिंगच्या वेळीच सांगते की अक्षतांना मी खाली असेन, आहेर आणि ग्रुप फोटोंना वर येईन. दुसऱ्या पार्टीच्या फोटोग्राफरलाही आदल्या दिवशी फोन करते. सगळे ऐकत नाहीत. जे ऐकतात त्यांच्यासोबतचं लग्न फार सुंदर होतं, खालच्या माणसांना सगळं दिसतं. निपाणीच्या एका आजींनी अल्बम बघून म्हटलं, ‘अगं, तू तर कुठं दिसलीसच नाहीस, आणि माझी मालू रडताना बरी सापडली तुला.’ या वर्षात मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती.

किंमत एखाद्या चांगल्या बॉडीच्या जवळ जाते. त्यामुळे दुकानात पाच मिनिटं हातात धरून ठरवू नका. आधी भाड्यानं घ्या आणि हळदीपासून वरातीपर्यंत एक अख्खं लग्न तिच्यावर काढा. फक्त स्टुडिओ आणि प्री-वेडिंग करत असाल तर ८५ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) पुरेल, एवढं ओझं कशाला?