सांगलीहून मोरोक्को : सहलीतला फेझचा दिवस

सांगलीतल्या एका सहल संयोजकांच्या मोरोक्को सहलीत तिथल्या फेझ या शहराला एक पूर्ण दिवस दिला आहे. ही सहल घ्यायची की नाही, हे या दिवसाच्या आखणीवरून ठरवावं.

चालण्याची दिशा अचूक निवडली आहे. बाब बू जलूद दरवाजातून जुन्या शहरात शिरून तालआ कबीरा या मुख्य गल्लीने उतरत जायचं. उलट बाजूने सुरुवात केली तर सगळा चढ भर दुपारी पायांवर येतो. आत मोटारी नाहीत, माल खेचरांवरून जातो. मागून ‘बालाक!’ (बाजूला व्हा!) अशी हाक आली की लगेच भिंतीला चिकटायचं. दगडी उतार गुळगुळीत झालेत, त्यामुळे चप्पल नको, पकड असलेले बूट घ्या.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे बू इनानिया मदरसा घाईत उरकतात. मरिनिद घराण्यातल्या सुलतान अबू इनानने १३५० ते १३५५ या काळात बांधलेली ही वास्तू मुस्लिमेतरांना खुल्या असलेल्या मोजक्या धार्मिक वास्तूंपैकी आहे. अंगणात उभं राहून नजर खालून वर न्यावी. तळाला, जिथे पाण्याचा आणि हातांचा स्पर्श होतो, तिथे झेलीज म्हणजे रंगीत तुकड्यांच्या नक्षीची फरशी, मध्ये कोरलेला गिलावा, वर देवदाराचं लाकूड. झेलीजचे तुकडे भाजलेल्या रंगीत फरशीतून हातोडीने एकेक तोडतात, पालथे मांडून नक्षी जुळवतात आणि मग पाठीवर गिलावा ओततात. म्हणजे काम पूर्ण होईपर्यंत कारागिराला नक्षीची रंगीत बाजू दिसतच नाही! हे समजून पाहायला निदान तासभर हवाच. संयोजकांकडे तो आधीच मागून घ्या.

करावियीन या मशिदीत मुस्लिमेतरांना दारातूनच अंगण बघता येतं. माहितीपत्रकात ‘८५९ सालचं विद्यापीठ’ एवढंच छापलंय. परंपरेनुसार फातिमा अल-फिहरी यांनी त्या साली मशीद उभारली, अध्यापन तिच्या आश्रयाने वाढलं आणि आधुनिक विद्यापीठाच्या चौकटीत ती संस्था १९६३ मध्ये आली. एवढा खुलासा छापायला हवा होता.

शुआरा चर्मालय दुकानांच्या गच्चीवरून दिसतं. पांढऱ्या कुंडांत चुना आणि कबुतरांची विष्ठा असते. विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं, वास त्याचाच. इथे खरेदीसाठी वेळ फार जातो. पिशवी घ्यायचीच असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने आतून-बाहेरून घासा. रुमाल रंगला तर रंग पक्का नाही, पावसाळ्यात कपडे खराब होतील.

जेवणाची सोय ठीक आहे, पण शाकाहाऱ्यांनी हरीरा सूप विचारूनच घ्यावं, त्यात बहुधा मांस असतं. कुसकुस म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या कण्या, त्यांवरचा रस्साही तसाच. वाटलेल्या बाकल्याचं, ऑलिव्ह तेल आणि जिरं घातलेलं बिसारा मात्र पोटभरीचं आहे.

पैसे भरण्याआधी फेझचा वार पाहा. शुक्रवारी बरीच दुकानं आणि कारखाने बंद असतात. तो वार येत असेल तर पुढची तारीख घ्या.