पेपॅलला मुख्य बँक खाते जोडावे का?

ऑनलाइन खरेदीसाठी आणि सॉफ्टवेअरच्या वर्गण्यांसाठी मी गेली काही वर्षे पेपॅल ही ऑनलाइन पैसे देण्याची सेवा वापरत आले आहे. ही सेवा किती सोयीची आहे याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र तिच्याकडे एकाच प्रश्नाच्या अंगाने पाहायचे आहे. तो प्रश्न म्हणजे, या सेवेला जोडलेल्या बँक खात्यातले पैसे कितपत सुरक्षित राहतात?

पेपॅलचा सर्वांत मोठा गुण म्हणजे विक्रेत्याला आपला कार्ड क्रमांक किंवा खाते क्रमांक कळत नाही. एखाद्या लहान दुकानाच्या संकेतस्थळातून ग्राहकांची माहिती फुटली, तरी त्यात आपल्या बँकेचा तपशील नसतो. अनोळखी दहा ठिकाणी कार्डाची माहिती भरण्यापेक्षा ती एकाच जागी ठेवणे मला नक्कीच बरे वाटते.

परंतु त्यामुळे सगळी जोखीमही त्या एका जागी गोळा होते. अनेक देशांत बँक खाते थेट पेपॅलला जोडता येते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत कंपनी दोन अगदी छोट्या रकमा आपल्या खात्यात जमा करते आणि त्या नेमक्या किती होत्या हे आपल्याला विचारते. खाते आपलेच आहे याची खात्री अशी एकदा पटली, की पुढच्या व्यवहारांना पेपॅलमध्ये केलेला प्रवेश बहुधा पुरेसा ठरतो आणि बँकेचा पासवर्ड पुन्हा मागितला जात नाही. म्हणजेच पेपॅलचा पासवर्ड ही आपल्या बँक खात्याची दुसरी किल्ली होते, आणि पहिली किल्ली आपण जितक्या काळजीने सांभाळतो तितक्या काळजीने ही दुसरी क्वचितच सांभाळली जाते. डिसेंबर 2022 मध्ये सुमारे 35,000 पेपॅल खात्यांत परक्या लोकांनी प्रवेश मिळवला, तेव्हा त्यांना कंपनीची यंत्रणा फोडावी लागली नव्हती; इतरत्र फुटलेले पासवर्ड त्यांनी इथे लावून पाहिले आणि ज्यांनी तोच पासवर्ड पुन्हा वापरला होता त्यांची खाती उघडली. त्या खात्यांतून अनधिकृत व्यवहार झाल्याची माहिती नसल्याचे कंपनीने कळवले, हे खरे. पण नाव, पत्ता आणि जन्मतारीख यांसारखा तपशील परक्यांना पाहता आला होता.

प्रवेशाच्या सुरक्षिततेसाठी पेपॅलने दिलेली साधने चांगली आहेत. फिडो अलायन्स ही पासवर्डवरचे अवलंबन कमी करण्यासाठी झटणारी संघटना 2013 मध्ये जाहीर झाली, तेव्हा पेपॅल तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होते, आणि 2022 पासून कंपनीने पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या लॉकने (बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन) प्रवेश करण्याची, सोय टप्प्याटप्प्याने सुरू केली. पासकी खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असल्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालत नाही. एसएमएसने येणाऱ्या कोडला हे संरक्षण नसते; शिवाय कोणी आपल्या नावाने दुसरे सिम मिळवले, तर ते कोड त्याच्याच हातात पडतात. म्हणून पासकी, आणि ती नसेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच थोड्या थोड्या वेळाने नवा कोड तयार करणारे ॲप), हाच क्रम मी सुचवेन.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पेपॅलच्या मागे काय जोडावे. क्रेडिट कार्ड जोडले असेल, तर वादाच्या काळात अडकलेला पैसा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो आणि चार्जबॅकचा, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागण्याचा, दुसरा मार्गही आपल्याजवळ उरतो. बँक खाते जोडले असेल, तर आपलाच पैसा आधी जातो, आणि तो परत मिळेपर्यंत घरभाडे व कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. क्रेडिट कार्ड नसेल, तर थोडीच रक्कम असलेले वेगळे खाते जोडावे. मात्र त्या खात्याला ओव्हरड्राफ्ट (शिल्लकीपेक्षा जास्त रक्कम काढू देण्याची सोय) किंवा मुख्य खात्यातून आपोआप रक्कम ओढण्याची सोय नाही, हे बँकेकडून पक्के करून घ्यावे, कारण ती असेल तर वेगळ्या खात्याचा काहीच उपयोग होत नाही. पेपॅलमधली शिल्लक अपुरी पडल्यास उरलेली रक्कम जोडलेल्या खात्यातून घेतली जाऊ शकते, म्हणून पैसे कुठून जाणार आहेत हे शेवटच्या पानावर दर वेळी वाचावे.

स्वयंचलित पेमेंटची यादी मी पूर्वी कधी उघडूनही पाहत नसे. एका सेवेची वर्गणी मी बंद केली असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी फक्त तिचे ॲप काढून टाकले होते, आणि दिलेली परवानगी चालूच राहिल्याने पुढचे काही महिने पैसे जात राहिले. पेपॅलच्या सेटिंग्जमध्ये अशा सर्व परवानग्या एकत्र दिसतात आणि तिथूनच रद्दही करता येतात. ही सोय मला अतिशय मोलाची वाटते.

वस्तू मिळाली नाही किंवा वर्णनाप्रमाणे निघाली नाही, तर पैसे दिल्यापासून 180 दिवसांच्या आत तक्रार नोंदवता येते. मित्र व कुटुंबीयांसाठी असलेल्या पर्यायाने पाठवलेल्या पैशाला हे संरक्षण लागू नाही, त्यामुळे विक्रेता त्याच पर्यायाचा आग्रह धरत असेल तर तो सौदा सोडून द्यावा.

बनावट इनव्हॉइसचा, म्हणजे खोट्या बिलाचा, प्रकार मला सर्वांत चिंतेचा वाटतो. फसवणूक करणारे पेपॅलमध्येच खाते उघडून खोटी मागणी पाठवतात, त्यामुळे तो ईमेल खरोखरच पेपॅलकडून आलेला असतो आणि पाठवणाऱ्याचा पत्ता तपासून काहीच उमगत नाही. त्यातल्या टिपेत दिलेला फोन क्रमांक मात्र ठगाचा असतो. तिथे फोन न करता स्वतः ॲप उघडून व्यवहारांची यादी पाहावी. पैसे गेलेले नसतील, तर ती मागणी रद्द करून तिची तक्रार करावी.

माझे पगाराचे खाते मी पेपॅलमधून काढून टाकले असून त्या जागी कमी मर्यादेचे एक क्रेडिट कार्ड जोडले आहे. तुम्हालाही तसे करायचे असेल, तर आधी प्रलंबित व्यवहार पूर्ण होऊ द्यावेत, कारण तोवर जोडलेले खाते काढता येत नाही.