लंडन–पॅरिस युरोस्टार: शुक्रवारी ठरवून शनिवारी दोघांनी निघायचं तर

युरोस्टार या रेल्वेगाडीला नावं ठेवायला फारशी जागा नाही. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून पॅरिसच्या गार दु नॉर स्टेशनला सव्वादोन-अडीच तास, त्यातली जेमतेम वीस मिनिटं समुद्राखालच्या बोगद्यात. दोन्हीकडे थेट शहरात उतरायचं. विमानासारखी द्रवपदार्थांना १०० मिलीलीटरची भानगड नाही. माणशी ८५ सेंटीमीटरपर्यंतच्या दोन बॅगा, वर एक हातातली. दोन दिवसांसाठी ही चैनच म्हणायची. खरी परीक्षा गाडीत बसण्याआधी असते.

पहिली भाड्याची. शुक्रवार संध्याकाळी जायचं आणि रविवार संध्याकाळी यायचं ही जोडी सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे ऐनवेळी तीच खिसा कापते. जायला शनिवार पहाट आणि, रजा मिळत असेल तर, यायला सोमवार दुपार असं बघा. २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या ‘युरोस्टार स्नॅप’मध्ये तिकीट बरंच स्वस्त पडतं. मात्र तुम्ही फक्त तारीख आणि सकाळ की दुपार एवढंच निवडायचं. नेमकी गाडी ४८ तास आधी कळते. म्हणजे उद्याच निघणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही, पुढच्या आठवड्याचं आज सुचलं तर आहे. दोघांचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढा, नाहीतर एक इथे, दुसरा चार डबे पलीकडे.

दुसरी कागदांची, आणि बेत मोडतात ते बहुतेक इथेच. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा कितीही वर्षांचा असो, फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) वेगळा लागतो आणि तो आठवड्यात मिळेल या भरवशावर राहू नये. ‘मल्टिपल एंट्री’चा व्हिसा हाताशी असेल तरच असल्या उत्स्फूर्तपणाला अर्थ. दोघांपैकी एकाकडेच ब्रिटिश पासपोर्ट असला तर दुसऱ्याचा व्हिसा आधी उघडून तारखा बघा, मग हॉटेल.

फ्रेंच पोलीस लंडनमध्येच पासपोर्ट तपासतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या युरोपच्या सीमेवरच्या नव्या नोंदणीत पहिल्या खेपेला जास्त वेळ जातो. साध्या तिकिटाला गेट गाडीच्या ३० मिनिटं आधी बंद होतं. स्टेशनला पोहोचायची तिकिटावर जी वेळ छापलेली असते तीच पाळा. पुढे गाडी जवळपास ४०० मीटर लांब, म्हणजे डबा टोकाचा असला तर पायपीट आलीच. येताना ब्रिटनची तपासणी गार दु नॉरलाच, वरच्या मजल्यावर होते. रविवारी संध्याकाळी तिथला हॉल तुडुंब भरतो, पण लंडनला उतरल्यावर सरळ रस्त्यावर.

पॅरिसमध्ये मेट्रोसाठी २ युरोंचं नाविगो ईझी कार्ड घेणार असाल तर दोन घ्या. एकच कार्ड दोघांसाठी लागोपाठ टेकवलं तर चालत नाही. स्टेशनवरच्या मशीनपुढे रांग असते, फोनवर तिकीट भरता येत असेल तर ते बरं.

खाण्याच्या डब्याचं काय? ब्रिटनहून युरोपात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे चीज सँडविचही नाही. आणि १२ एप्रिल २०२५ पासून उलट दिशेनेही तेच: पॅरिसहून चीज आणायची सोय संपली. कामाँबेर चीज घेतलंच असेल तर पाव विकत घ्या आणि गेटच्या अलीकडे दोघांनी संपवून टाका.