‘डीकॉम्प्रेशन’च्या नावाखाली 52 हजारांचं ट्रॅक्शन

ऑपरेशनशिवाय इलाज, अमेरिकन मशीन, वीस सिटिंगमध्ये मणक्यातली सरकलेली गादी जागेवर, अशी ‘डीकॉम्प्रेशन’ची जाहिरात मोबाईलवर येत असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा, थोडं लांब आहे पण वाचा.

माझा दादा पिंपरीत रिक्षा चालवतो. कंबर आधीपासून धरायचीच, पण पावसाळ्यात उजव्या पायात कळ जायला लागली, पार पोटरीपर्यंत, ब्रेक दाबला की जीव जायचा. एमआरआयमध्ये एल फोर-एल फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आलेली निघाली. ऑर्थोवाल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला आणि सहा आठवड्यांनी या म्हणाले. आता रिक्षावाल्याला सहा आठवडे म्हणजे किती ते त्यालाच माहीत. त्यात ही जाहिरात, कन्सल्टेशन फ्री.

तिथे एसी, गुळगुळीत फरशी, टेबलावर मणक्याचं प्लास्टिकचं मॉडेल. काउन्सेलर मुलगी, डॉक्टर नाही बरं का, तिने रिपोर्ट बघितल्यासारखं केलं आणि मॉडेलमधली लाल गादी अंगठ्याने बाहेर दाबून दाखवली, "काका, अजून एवढीशी सरकली ना की पाय जाणार, मग ऑपरेशनच." दादाचा चेहरा उतरला असणार, कारण लगेच रेट सांगितला, 75 हजार, पण आज बुकिंग केलं तर 52. एवढे नाहीत म्हटल्यावर "नो कॉस्ट ईएमआय आहे ना काका", आधार-पॅनचे फोटो काढले, सेल्फी घेतला आणि म्हणे ओटीपी आलाय तो सांगा. दादाला वाटलं हप्ते क्लिनिकला द्यायचेत. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीचं कर्ज त्याच्या नावावर चढलं आणि सगळी रक्कम क्लिनिककडे गेली. खरी मेख इथे आहे, पुढे सांगते.

मशीन म्हणजे दोन भागांचा बेड. एक पट्टा छातीखाली, एक कमरेला, मोटर कमरेचा पट्टा ओढते, सोडते, परत ओढते. समोर स्क्रीनवर ग्राफ वरखाली होतो आणि बाजूला गादी हळूहळू आत जाताना दिसते. मी एकदा सोबत गेले तेव्हा बघितलं, शेजारच्या बेडवरच्या आजींच्या स्क्रीनवर पण तीच गादी तशीच आत जात होती! तो कुणाच्याच मणक्याचा फोटो नाही, व्हिडिओ आहे नुसता. सुरुवातीला दादाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, पडून राहायचं, वर गरम शेक, छान वाटणारच. संध्याकाळपर्यंत कळ परत हजर. विचारलं तर आधी दुखणं वाढतं मग कमी होतं म्हणे, मग म्हणे लेझरचं अॅड-ऑन घ्या.

मी ब्रोशर आमच्या ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंना दाखवलं. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या अगं हे ट्रॅक्शनच आहे, म्हणजे पट्टे लावून मणका ताणायचा नेहमीचा उपचार, फक्त मोटरवालं, आमच्याकडे दोन-तीनशे रुपयांत लावतात आणि हल्ली तेही फारसं लावत नाही. ब्रोशरवर ‘एफडीए अप्रूव्ह्ड’ लिहितात त्यातली गोम अशी की अमेरिकेत एफडीएकडून, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडून, या मशीनना ट्रॅक्शनचं उपकरण म्हणून क्लिअरन्स मिळतो, म्हणजे आधीपासून बाजारात असलेल्या तशाच उपकरणासारखं आहे एवढंच, गादी बरी होते असा दाखला नाही तो. कोक्रेन म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या 2013 च्या रिव्ह्यूमध्ये ट्रॅक्शनचे 32 अभ्यास एकत्र तपासले होते, दुखण्यात फरक पडला तर नगण्य. इंग्लंडमध्ये डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीला आणि सायटिकाला, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या कळीला, ट्रॅक्शन देऊच नका असं स्पष्ट लिहिलंय. आणि जाहिरातीतलं ते ‘नासा टेक्नॉलॉजी’! अंतराळात मणका ताणला जातो, अंतराळवीरांची उंची वाढते हे खरं, पण तिथे अर्ध्याहून जास्त जणांची कंबर दुखते आणि परत आल्यावर गादी सरकायचा धोका उलट वाढतो. म्हणजे जाहिरातीत सांगतात त्याच्या बरोबर उलट.

मग काही लोक बरे कसे होतात? कारण बाहेर आलेली गादी बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, बहुतेकांची सायटिकाची कळ काही आठवड्यांत आपोआप उतरते. वीस सिटिंग पसरतात दीड-दोन महिन्यांत. दादाच्या डॉक्टरांनी फुकट सांगितलेला वेळ तोच, फक्त त्याला बिल लावलंय. आणि एमआरआयचं भूत दाखवतात त्याबद्दल, पन्नाशीतल्या काहीच न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तरी साधारण 60 टक्क्यांत गादी फुगलेली दिसते. भ्यायचंच असेल तर लघवी अडकली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेना झालं, तर भ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

आता पैशाचं. दादाने मध्येच सिटिंग सोडली आणि उरलेले पैसे मागितले तर पावतीवर खाली बारीक अक्षरात ‘नॉन रिफंडेबल’. हप्ते बंद करावे तर फायनान्सवाले म्हणतात आमचा ट्रीटमेंटशी संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल खराब. ऑनलाइन कर्जात कूलिंग-ऑफची मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, पण कर्ज घेतलंय हेच कळलं नाही तर काय उपयोग! त्यामुळे क्लिनिकमध्ये कुणी ओटीपी मागितला तर आधी मेसेज पूर्ण वाचा, त्यात कर्ज किंवा लोन असं काही आहे का बघा.

आम्ही ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकली, पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, काउन्सेलरचे व्हॉट्सअॅप सगळं जोडून. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. तक्रार गेल्यावर क्लिनिकचा फोन आला, रिफंड नाही पण उरलेली सिटिंग घरातल्या कुणालाही ट्रान्सफर करून देतो, वहिनींची मान दुखते का म्हणून विचारत होते. आम्ही लेखी उत्तर मागितलंय, अजून आलेलं नाही.