राज्याचा कोटा की ऑल इंडिया? मराठवाड्यातल्या पालकांसाठी

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड, परभणीतल्या घराघरांत हाच प्रश्न असतो: एमबीबीएससाठी राज्याच्या ८५ टक्के जागांवर भरवसा ठेवायचा, की ऑल इंडियाच्या १५ टक्क्यांवर? फॉर्म दोन्हीकडं भरा. पण आपल्या लेकराचा खरा आधार ८५ टक्क्यांतच आहे, असं माझं ठाम मत आहे.

गुण दोन्हीकडं तेच, ७२० पैकी. मुलाखत कुठंच नाही. बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते. बदलते ती रांग. शासकीय कॉलेजांच्या १५ टक्के जागा दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची प्रवेश समिती, भरते, तिथं अंबाजोगाईच्या जागेसाठी बिहार-राजस्थानची मुलंही असतात. राज्याच्या जागा भरणाऱ्या सीईटी सेलच्या राज्य कोट्यात स्पर्धा महाराष्ट्रातल्याच मुलांशी.

दाखल्यांचा फरक त्याहून मोठा. मराठा मुलांना २०२४च्या कायद्यानं मिळालेलं एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचं) १० टक्के आरक्षण ऑल इंडियात नाही. तिथं ती खुल्यात, किंवा पात्र असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या जागांत. धनगर आणि वंजारी मुलांना राज्यात साडेतीन आणि दोन टक्के स्वतंत्र जागा आहेत, ऑल इंडियात मात्र देशभरच्या ओबीसींसोबत २७ टक्क्यांत उभं राहावं लागतं. मुलींचं ३० टक्के समांतर आरक्षणही राज्यातच. राज्यात राखीव जागेसाठी जातीची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) लागते, तिकडं केंद्राच्या नमुन्यातला दाखला. दोन्ही कागद निकालाची वाट न बघता काढून ठेवा.

अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागाही एमसीसीच भरते. तिथं राज्याचा कोटा नाही, अनामतच दोन लाख, आणि बहुतेक ठिकाणी वर्षाची फी वीस लाखांच्या पुढं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४पासून मिळणारी शिक्षण शुल्काची माफीही तिथं लागू नाही. जमीन विकून तिकडं जाण्याआधी एक वर्ष पुन्हा नीट द्यायचा विचार करा.

पूर्वी राज्याच्या जागांना ७०:३० चं सूत्र होतं: ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातल्या. आपल्या विभागात कॉलेजं कमी, त्यामुळं हक्काच्या जागाही कमी, आणि चांगले मार्क पडूनही इथली मुलं मागं राहायची. २०२०मध्ये ते गेलं, यादी राज्याची एक झाली. आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीतही शासकीय कॉलेजं आहेत. पसंतीक्रमात ती जरूर टाका, पण संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूरच्या खाली. जुन्या दवाखान्यात पेशंट जास्त, शिकायला जास्त मिळतं.

ज्यांचं लेकरू अजून दहावीत आहे त्यांनी हे नीट ऐकावं. राज्य कोट्यासाठी डोमिसाइलसोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. सवलत केंद्रीय कर्मचारी, सैनिक अशा मोजक्यांच्या मुलांना. चांगल्या क्लाससाठी हैदराबादला किंवा राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवून बारावी तिथूनच दिली, तर ८५ टक्क्यांचं दार बंद होतं. देगलूर, उमरग्याकडं सीमेपलीकडचं कॉलेज जवळ पडतं, तिथल्या पालकांनी अकरावीची फी भरण्याआधीच हा नियम बघावा.