तयार शेडसोबतचे ‘परमिट पॅकेज’: आराखडा भक्कम, जागेचा नकाशा कच्चा

अमेरिकेत घरामागच्या परसात उभारायची लाकडी शेड सुट्या भागांत विकणाऱ्या काही कंपन्या शेडबरोबर ‘परमिट पॅकेज’ नावाची जोडसेवाही देतात. शेडचे बांधकाम-आराखडे, जागेचा नकाशा आणि भरून तयार केलेला अर्ज असे तीन कागद त्यात येतात. दहा बाय सोळा फुटांची शेड घेताना मी अशाच एका कंपनीचे पॅकेज घेतले. शेडच्या लाकडाविषयी आणि जोडणीविषयी इतरांनी भरपूर लिहिलेले असल्यामुळे हे परीक्षण केवळ या कागदांपुरते आहे.

सुरुवात माहितीपत्रकातल्या दाव्यापासून करावी लागेल, कारण पुढचे सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात. ‘२०० चौरस फुटांपर्यंत परवाना लागत नाही’ असे तिथे ठळक अक्षरांत छापलेले आहे. हा आकडा कंपनीने मनाने काढलेला नाही. बांधकामाचे नमुना नियम तयार करणाऱ्या इंटरनॅशनल कोड कौन्सिल या संस्थेच्या ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ या नमुना संहितेत एकमजली, घरापासून सुट्या औजारशेडला २०० चौरस फुटांपर्यंत बांधकाम परवान्यातून सूट आहे. मात्र ही संहिता नमुना म्हणून लिहिलेली असते. प्रत्येक राज्य आणि शहर ती आपापल्या फेरफारांसह स्वीकारते. कॅलिफोर्नियाच्या राज्य संहितेत हीच मर्यादा १२० चौरस फूट आहे. म्हणजे १६० चौरस फुटांची माझ्यासारखी शेड एका ठिकाणी सूट-मर्यादेच्या आत बसते आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर पडते, आणि माहितीपत्रक मात्र दोन्हीकडे एकच वाटले जाते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात अजिबात येत नाही. ही सूट फक्त बांधकाम परवान्यातून आहे, नियमांतून नाही, आणि संहितेनेच सूट दिलेल्या कामांच्या यादीबरोबर हे स्पष्ट बजावले आहे की सूट म्हणजे संहितेचा किंवा स्थानिक कायद्याचा भंग करण्याची मुभा नव्हे. शेड कशी बांधायची हे बांधकाम संहिता सांगते. ती कुठे, किती उंच आणि हद्दीपासून किती अंतरावर ठेवायची हे झोनिंगचे, म्हणजे जमिनीच्या वापराचे, नियम सांगतात. झोनिंगचा स्थानिक अधिकार १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात मान्य केला, आणि आजही हे नियम प्रामुख्याने गावागावाच्या पातळीवर ठरतात. त्यामुळे एका गावाचा अनुभव शेजारच्या गावात कामाला येईलच, असे नाही.

आता आराखड्यांकडे वळतो, कारण पॅकेजचा हा भाग खरोखर चांगला आहे. पाया, तळाची चौकट, भिंतीचा छेद आणि छताचे सांधे स्वतंत्र पानांवर मोठ्या आकारात काढलेले आहेत. ज्या वाऱ्याचा वेग आणि बर्फाचा भार धरून हिशेब केला आहे, ते आकडे पहिल्याच पानावर ठळकपणे दिले आहेत. गोठणाऱ्या जमिनीचा प्रश्नही नीट हाताळला आहे: ६०० चौरस फुटांपर्यंतच्या, हलक्या चौकटीच्या आणि वळचणीपाशी १० फुटांहून उंच नसलेल्या सुट्या इमारतीचा पाया गोठणपातळीच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या, खाली नेण्याची सक्ती नमुना संहिता करत नाही, आणि आराखड्यात त्या तरतुदीचा हवाला कलमासह दिलेला आहे. आगीच्या नियमाबाबत तर आराखडा करणाऱ्याने अधिकच सावधगिरी दाखवली आहे. हद्दीपासून पाच फुटांच्या आत येणाऱ्या भिंतीला सर्वसाधारणपणे एक तास आग थोपवण्याची क्षमता लागते. परवान्यातून सूट मिळालेल्या औजारशेडला ही अट लागू होत नाही, पण तीच शेड परवान्याच्या कक्षेत आली की लागू होते. हे ओळखून त्याने साधी भिंत आणि अग्निरोधक भिंत असे दोन्ही छेद काढून ठेवले आहेत. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने हा कागद एकदा वाचायला हवा होता.

जागेचा नकाशा मात्र त्याच कंपनीत तयार झाला आहे, यावर विश्वास बसत नाही. उपग्रहचित्रावरून घराची बाह्यरेषा काढायची, कुंपणाची रेषा हीच हद्द मानायची आणि तिच्यापासून तीन फूट आत शेडचा चौकोन ठेवायचा, एवढ्यावर तो उरकलेला आहे. कुंपण आणि कायदेशीर हद्द एकच असेल याची खात्री नसते. पूर्वीच्या मालकाने ते सोयीने आत-बाहेर घातलेले असू शकते, आणि सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून मोकळे सोडायचे अंतर, मोजले जाते ते हद्दीपासून. नकाशावर अंतर भिंतीपासून दाखवले आहे, तर आराखड्यात वळचण भिंतीच्या बाहेर सुमारे एक फूट येते. हे अंतर भिंतीपासून धरायचे की वळचणीपासून, याचे उत्तर गावोगावी वेगळे असते, पण छताचा कोणताही भाग हद्दरेषेपलीकडे जाता कामा नये, हे तर नमुना संहिताच सांगते. पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडल्या तर कज्जा व्हायला तेवढे पुरते.

सर्वांत मोठी उणीव इझमेंटची, म्हणजे दुसऱ्याच्या वापराच्या हक्कासाठी राखलेल्या जागेची, आहे. माझ्या भूखंडाच्या मागच्या बाजूने वीज आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी राखलेली पट्टी जाते. मूळ नोंदणीकृत भूखंड-नकाशावर ती तुटक रेषेने स्पष्ट दाखवलेली आहे. कंपनीच्या नकाशात त्या रेषेचा मागमूस नाही आणि शेडचा चौकोन नेमका त्या पट्टीवर बसला आहे. अशा पट्टीवर बांधलेली वस्तू वाहिनीच्या दुरुस्तीसाठी मालकाच्या खर्चाने हटवावी लागू शकते, मग तिला परवाना लागत असो वा नसो. परसातले एकूण किती क्षेत्र बांधकामाखाली जाऊ शकते, याचा हिशेबही नकाशात नाही. कोपऱ्यावरच्या भूखंडाला दोन बाजूंनी रस्ता असतो, आणि अनेक ठिकाणी दोन्ही बाजूंना पुढच्या अंगणाचे कडक अंतर लागते. कंपनीच्या प्रश्नावलीत भूखंड कोपऱ्यावर आहे का, एवढा साधा प्रश्नही नाही.

भरलेल्या अर्जाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. नाव, पत्ता, मापे बरोबर आहेत. फक्त ‘विद्युत जोडणी’ या रकान्यात ‘नाही’ असे आधीच छापून येते. शेडमध्ये दिवा किंवा प्लग हवा असेल, तर शेडला सूट असली तरी वायरिंगचा वेगळा परवाना लागतो.

तक्रार केल्यावर ग्राहकसेवेने सौजन्याने उत्तर दिले आणि करारातल्या एका वाक्याकडे बोट दाखवले: स्थानिक मंजुरी ही ग्राहकाची जबाबदारी. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल, परंतु ज्या सेवेच्या नावातच परमिट आहे, तिने हे वाक्य शेवटच्या पानावर दडवणे मला पटत नाही.

तेव्हा जिथे परवाना लागतोच, तिथे आराखड्यांसाठी हे पॅकेज घ्यावे, आणि जागेचा नकाशा स्वतंत्रपणे, सर्व्हेयरच्या मोजणीवरून किंवा नोंदणीकृत भूखंड-नकाशावरून तयार करून घ्यावा. जिथे परवाना लागत नाही, तिथे पैसे वाचवून नियोजन विभागाच्या खिडकीशी जावे आणि सेटबॅक, उंची, बांधकामाखालचे क्षेत्र व इझमेंट यांची लेखी उत्तरे मागावीत. गृहसंघटना असेल तर तिची संमती वेगळी घ्यावी लागते; तिची नियमावली खासगी करार असल्यामुळे नगरपालिकेच्या होकाराने तिचा नकार रद्द होत नाही. पायासाठी फावडे उचलण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात, आणि शेडची मागणी नोंदवायची ती या सगळ्यानंतर, कारण कापून तयार झालेले लाकूड कंपनी परत घेत नाही.