सीसीआयईची लॅब: टीसीएल स्क्रिप्ट पाठ करायची, की नोटपॅड आणि एलियसवर भागवायचं?

सीसीआयई ही सिस्कोची तज्ज्ञ पातळीची नेटवर्किंग परीक्षा, आणि लॅब हा तिचा प्रत्यक्ष कामाचा भाग. टीसीएल ही राउटरवरच चालणारी स्क्रिप्टची भाषा, एलियस म्हणजे लांब कमांडला दिलेलं छोटं नाव. लॅबची तारीख घेतलेली फोंडा-मडगावकडची मुलं भेटली की वरचा प्रश्न हमखास निघतो. मी दोन्ही वाटांनी तयारी केली आणि शेवटी एकीवर स्थिरावलो. परीक्षेत काय आलं हे सांगता येणार नाही, तशी लेखी हमी देऊनच आपण बसतो. पण हत्यारांबद्दल बोलायला हरकत नाही.

एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर या शाखेची लॅब २०२० पासून एकूण ८ तासांची, दोन भागांत होते. पहिले ३ तास डिझाइनचे. तिथे डिव्हाइसला हात लागत नाही आणि पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. म्हणजे शॉर्टकटचा जो काही फायदा, तो उरलेल्या ५ तासांत. दुसरं म्हणजे घरी जमवलेली फाईल बेंगळुरूच्या सेंटरमध्ये चालत नाही. समोर कोरं नोटपॅड असतं. त्यामुळे नेटवरून उतरवलेली पन्नास ओळींची देखणी स्क्रिप्ट कितीही चांगली असली तरी तिथे तिचा उपयोग शून्य. बोटांना जेवढं पाठ आहे तेवढंच आपलं.

टीसीएलची मोहिनी मला पूर्ण मान्य आहे. टीसीएलएसएच (टीसीएल सुरू करणारी कमांड) टाइप करायचं, फॉरईच (यादीतल्या प्रत्येकावर तेच काम करणारा लूप) लिहून पहिल्या महिरपी कंसात सगळे लूपबॅक पत्ते (राउटरच्या आभासी इंटरफेसचे), दुसऱ्यात पिंग (पत्त्यापर्यंत पोहोचता येतं का ते बघणारी कमांड). एंटर मारला की यशस्वी पिंगच्या उद्गारचिन्हांच्या रांगा खाली धावू लागतात. तोच मजकूर पुढच्या राउटरवर, मग त्याच्या पुढच्या. दोन ठिकाणी रिडिस्ट्रिब्युशन (एका राउटिंग प्रोटोकॉलचे मार्ग दुसऱ्यात देणं) असलेल्या टोपोलॉजीत, म्हणजे नेटवर्कच्या मांडणीत, कुठला कोपरा सुटलाय हे इतकं झटकन दुसरं काही दाखवत नाही.

माझं मत फिरलं ते मात्र एकाच गोष्टीमुळे. आयओएसचा, म्हणजे सिस्कोच्या राउटरवरच्या प्रणालीचा, पिंग मुळात ५ पॅकेट पाठवतो आणि प्रत्येकासाठी २ सेकंद थांबतो. म्हणजे न पोहोचणाऱ्या एका पत्त्यामागे १० सेकंद. ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलची एक नेबरशिप (शेजारच्या राउटरशी असलेली जोडणी) तुटली आणि यादीतले २० पत्ते तिच्या पलीकडे असले, तर २०० सेकंद अपयशाची टिंबं बघत बसायचं. कंट्रोल-शिफ्ट-६ दाबलं की चालू पिंग तुटतो, पण लूप निर्विकारपणे पुढच्या पत्त्यावर जातो. पुन्हा दाबा, पुन्हा पुढचा. सगळं सुरळीत असताना ही स्क्रिप्ट विजेसारखी चालते. बिघाड झाला, कन्सोल (राउटरला कमांड द्यायची खिडकी) हातात हवा झाला, की नेमकी तेव्हाच ती कन्सोल अडवून बसते. सरावात हे फार वेळा झालं आणि दर वेळी माझा विचार तुटला. रिपीट २ आणि टाइमआउट १ (दोनच पॅकेट, प्रत्येकासाठी एकच सेकंद) दिलं की तेच काम ४० सेकंदांवर येतं, हे खरं. कुणाला तेवढं पुरेल. मला ते ४० सेकंदही त्या क्षणी जड जायचे.

नोटपॅडचं काम साधं. प्रत्येक डिव्हाइसचा तुकडा लिहायचा, डोळ्यांखालून घालायचा, पेस्ट करायचा. सोबत चार-पाच एलियस. शो आयपी इंटरफेस ब्रीफसाठी (इंटरफेसची, म्हणजे राउटरच्या पोर्टची थोडक्यात यादी) तीन अक्षरं, ओएसपीएफ नेबरसाठी तीन, बीजीपी (आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल) समरीसाठी तीन. एकदाच लिहून सगळ्या राउटरवर टाकली की नेबर पडलाय की नाही हे सेकंदात कळतं, पिंगची वाट पाहावी लागत नाही. शिवाय पिंग यशस्वी झाला म्हणजे ट्रॅफिक सांगितलेल्याच वाटेने गेलं असं नाही. ते राउटिंग टेबलातच बघावं लागतं. जाता जाता एलियस काढून टाकावेत असं मला वाटतं. न मागितलेलं काही कॉन्फिगमध्ये राहू नये.

पेस्टमध्ये एक धोका आहे आणि तो लहान नाही. इंटरफेसचा नंबर चुकला तर ती ओळ नाकारली जाते, पण तुम्ही आधीच्याच इंटरफेसमध्ये उभे असता. मग खालची आयपी ॲड्रेसची ओळ त्या आधीच्या इंटरफेसचा चांगला चालणारा पत्ता पुसून तिथे बसते. पेस्ट लांबलचक असेल तर वर सरकून गेलेली त्रुटीची खूण दिसतही नाही. उपाय सोपा: प्रत्येक इंटरफेसच्या तुकड्याखाली एक्झिट लिहायचं. मग इंटरफेसची ओळ नाकारली गेली तर पुढची ओळ ग्लोबल कॉन्फिगमध्ये (पूर्ण राउटरच्या सेटिंगच्या पातळीवर) पडते आणि तीही नाकारली जाते. नुकसान तिथेच थांबतं.

माझा कल नोटपॅडकडे असण्यामागे आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या पावसाळ्याचाही हात असेल. वीज गेली की ईव्ह-एनजीचा (सरावासाठी आभासी राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर बंद पडायचा, सेव्ह न केलेलं कॉन्फिग जायचं, लॅपटॉपवरची टेक्स्ट फाईल तेवढी शाबूत. ती सवय अंगात मुरली. परीक्षेत वीज जाण्याची ती अडचण येत नाही, त्यामुळे हे कारण तुम्ही धरू नका.

पायथन आणि ईईएम (ठरावीक घटना घडली की राउटरवर आपोआप काम करणारी सोय) या तुलनेत मी मुद्दामच घेतलेले नाहीत. ते अभ्यासक्रमातच आहेत, प्रश्नात मागितले की लिहायचेच. पण स्वतःचा वेळ वाचवायला तिथे बसून पायथन लिहिणं मला तरी परवडलं नसतं.

ज्यांचा हात टीसीएलवर आधीच बसलाय, टाइप करताना कंस चुकत नाहीत, त्यांनी केवळ माझ्यासाठी ते सोडू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र आधी एलियस आणि एक्झिटची सवय पक्की करावी, वेळ उरला तर फॉरईच. आणि तेव्हाही वेळ वाचवायच्या नादात रिपीट १ देऊ नये. एआरपी (आयपी पत्त्यावरून हार्डवेअरचा पत्ता शोधणं) पूर्ण होईपर्यंत पहिलं पॅकेट बऱ्याचदा हरवतं, आणि धड चालणारी लिंक बंद आहे असं वाटून तुम्ही तिच्यातला नसलेला बिघाड शोधत बसता.